खुर्चीवरचं नाव आणि वहीतली ओळ

दात्यांची वही तुझ्या ताब्यात देते आहे, पण आज ती उघडू नकोस. लॅपटॉपही बंद ठेव. प्रयोग नसेल त्या दिवशी पहारेकऱ्याला प्रेक्षागृहातले दिवे लावायला सांग, बुकिंगच्या खिडकीतला प्लॅन हातात घे आणि पहिल्या रांगेपासून बाल्कनीच्या शेवटच्या रांगेपर्यंत एकेका खुर्चीचा क्रमांक त्याच्याशी ताडून बघ. वाकून वाकून कंबर धरेल. पण हे केल्याशिवाय देणगी घेऊन खुर्च्यांना नावं देण्याच्या मोहिमेची नोंद ठेवताच येत नाही. प्लॅन बरोबर असतो असं सगळे धरून चालतात, आणि तो बरोबर नसतो. ध्वनियंत्रणेचं टेबल मांडायला मागच्या चार खुर्च्या कधीच्या काढलेल्या असतात, प्लॅनवर त्या अजून आहेत. संगीत नाटकाच्या ऑर्गन-तबल्यासाठी पुढच्या रांगेचा एक तुकडा उचलता येतो, ते प्लॅनला माहीत नाही. इंग्रजी अक्षरांच्या रांगांत ‘आय’ आणि ‘ओ’ बऱ्याच ठिकाणी वगळतात, कारण ती अक्षरं एक आणि शून्यासारखी दिसतात. मग कुणी उत्साही स्वयंसेवक यादी करताना ती रांग भरून टाकतो आणि तिथून खालची प्रत्येक रांग एकेक घर सरकते.

फिरता फिरता लाल पेन्सिलीने मोहिमेत न घ्यायच्या खुर्च्या काट. उचलता येणारा पुढचा तुकडा, ध्वनीवाल्यांच्या शेजारच्या खुर्च्या, आणि कडेच्या ज्या उद्या व्हीलचेअरला जागा करायला काढाव्या लागतील त्या. तिथे एकदा नाव लागलं की प्रत्येक स्क्रू दात्याला विचारून सैल करावा लागतो. विश्वस्तांपैकी कुणीतरी म्हणेल, “अहो, पुढच्या रांगेलाच तर जास्त देणगी मिळते.” म्हणू देत. तू काटलेलं काटलेलंच ठेव.

मग प्रत्येक खुर्चीला वहीपुरता एक कायमचा क्रमांक दे. रांग आणि आसनक्रमांक हा तिचा आजचा पत्ता झाला. नूतनीकरणात पत्ता बदलतो, रांगांमधलं अंतर वाढवलं की अख्खी रांग नाहीशी होते. वहीतला क्रमांक मात्र बदलायचा नाही आणि रद्द झालेला क्रमांक दुसऱ्या खुर्चीला द्यायचा नाही.

आता वहीकडे ये. बहुतेक ठिकाणी एकच लांबलचक तक्ता असतो: नाव, फोन, रक्कम, खुर्ची. एका माणसाने स्वतःच्या नावाची एक खुर्ची एकरकमी घेतली तर तो तक्ता झकास चालतो. असा माणूस क्वचितच येतो. येतात ते असे: चार भावंडं मिळून आईच्या नावाची एक खुर्ची. डॉक्टर सहा खुर्च्या देतात, त्यातल्या दोन सासू-सासऱ्यांच्या, तीन गुरूंच्या, आणि सहावीचं नाव “कळवतो”. शाळेतली जुनी तुकडी वर्गणी काढून बाईंच्या नावे एक खुर्ची देते. मुलगा पुण्याहून पैसे पाठवतो, नाव वडिलांचं, पण पाटीवर काय लिहायचं ते आत्या ठरवणार. म्हणून तक्ते चार ठेव आणि क्रमांकांनी एकमेकांना जोड. पहिल्यात दाते. दुसऱ्यात पैसे, प्रत्येक जमेची वेगळी ओळ. तिसऱ्यात पाट्या, म्हणजे काय कोरायचं, कुणी मंजूर केलं, कधी लागली. चौथ्यात खुर्च्या. पैसे देणारा, पाटीवरचा आणि आपण ज्याला फोन करतो तो, हे तिघे एकच आहेत असं कधीच धरू नकोस. या कामात होणारे बहुतेक घोटाळे या तिघांना एका ओळीत कोंबल्याने होतात.

पावती फाडताना तर हे फारच जपायचं. ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याच्याच नावाने पावती. चार भावंडांनी चार चेक दिले तर चार पावत्या, पाटी एक. कंपनीचा चेक आणून मालक म्हणतात, “पावती माझ्या नावाने करा, मला वजावट हवी.” हसून नाही म्हण, चहा दे, पावती कंपनीच्याच नावाने कर. तुकडीवाल्यांना आधीच सांगून ठेव की एकाच्या खात्यात गोळा करून पाठवू नका, ज्याने त्याने आपापले थेट पाठवा. नाहीतर कागदोपत्री सगळी देणगी त्या गोळा करणाऱ्या एकाचीच ठरते आणि उरलेले एकोणचाळीस जण जुलैत विवरणपत्र भरताना तुला फोन करतात.

कराचं मी जुन्या नावांनी सांगते. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा नवे क्रमांक ऑडिटरकडून लिहून घेऊन वहीच्या पहिल्या पानावर चिकटव. दाते मात्र देणगीवरच्या वजावटीला अजून बरीच वर्षं ‘८०-जी’च म्हणणार. आपल्यासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत राहून. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर वजावट नाही. नव्या करप्रणालीत असलेल्या माणसाला ही वजावट मुळातच नाही. ते त्याला देणगी घेण्याआधी सांग, नंतर नको. आणि कुणी भावनेच्या भरात पिशवीभर रोख घेऊन आलं तर दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका माणसाकडून घ्यायचीच नाही, त्याला वेगळं कलम आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो.

२०२१-२२ या वर्षापासून नुसत्या पावतीवर भागत नाही. वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण १०-बीडी फॉर्ममध्ये पुढच्या ३१ मेपर्यंत भरायचं, आणि मग पोर्टलवरून निघणारं १०-बीई प्रमाणपत्र दात्याला द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, शिवाय दंड वेगळा. त्या फॉर्मला दात्याचं नाव, पत्ता, पॅन किंवा दुसरा ओळखक्रमांक, देणगीचा प्रकार, पैसे कसे आले आणि किती, हे सगळं लागतं. म्हणून अर्जावर पॅनचा रकाना रिकामा असेल तर अर्ज परत दे. “नंतर पाठवतो” म्हणणाऱ्याचा पॅन मे महिन्यात मिळवायचा म्हणजे काय ते तुला पहिल्याच वर्षी कळेल. पॅन आल्या आल्या अक्षर न अक्षर वाचून बघ. पहिली पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. चौथं अक्षर ‘पी’ असेल तर व्यक्ती, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एच’ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, ‘टी’ म्हणजे ट्रस्ट. दाता म्हणाला “मी स्वतः देतोय” आणि चौथं अक्षर ‘सी’ निघालं, तर तिथेच थांबून विचार.

देणगीचा प्रकार विचारतात तिथे ‘कॉर्पस’, म्हणजे कायम निधी, असाही पर्याय असतो. मोठा दिसतो म्हणून त्यावर खूण करू नकोस. कॉर्पससाठी दात्याची तशी लेखी सूचना लागते आणि त्या पैशांच्या गुंतवणुकीचे नियम वेगळे आहेत. खुर्च्या बदलायला घेतलेला पैसा खुर्च्यांसाठीच घेतला, असंच अर्जावर छापलेलं असू दे.

कबूल आणि जमा यांची सरमिसळ करू नकोस. उद्घाटनाच्या कार्यक्रमात माइकवर पाच खुर्च्या जाहीर करणारा माणूस वहीत ‘कबूल’च्या घरात जातो, ‘जमा’च्या नाही. कबुलीच्या ओळीत तीन गोष्टी हव्यात: कुणासमोर कबूल केलं, खुर्ची किती तारखेपर्यंत राखून ठेवायची, आणि हप्ते असतील तर कधीकधी. राखून ठेवायची मुदत मी तीन महिने ठेवत असे. मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी एक फोन, संपल्यावर एक पत्र, आणि मग खुर्ची मोकळी. पाटी पूर्ण पैसे जमा झाल्यावरच लावायची, माणूस कितीही मोठा असो. लावलेली पाटी काढणं कुणालाच जमत नाही. अर्धे पैसे देऊन पूर्ण नाव मिळवलेली माणसं गावात असतात आणि सगळ्यांना ती माहीत असतात.

दर शनिवारी बँकेचं स्टेटमेंट काढून बस. क्यूआर कोड लावल्यापासून पैसे येणं सोपं झालं आणि कुणाचे ते कळणं अवघड झालं. स्टेटमेंटवर अर्धवट नाव, कधी नुसता मोबाईल क्रमांक किंवा मुलाने आईसाठी उघडलेल्या खात्याचं नाव दिसतं. प्रत्येक जमेचा यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, पैशाच्या तक्त्यात उतरवायचा, ओळख पटली नाही तर ‘अनोळखी’ म्हणून वेगळी ओळ करायची आणि त्याच आठवड्यात शोधायचं. आठवडा उलटला की दातासुद्धा विसरतो की त्याने खुर्चीसाठी दिले की वार्षिक वर्गणीसाठी. स्वयंसेवकांना दिलेल्या पावतीपुस्तकांचं वेगळं रजिस्टर ठेव: कोणतं पुस्तक, कितीपासून किती, कुणाला, कधी परत. रद्द केलेली पावती फाडून फेकू नये, दोन्ही प्रती पुस्तकातच राहू देत आणि त्यावर तिरपी रेघ. वर्षाच्या शेवटी दात्यांच्या वहीची बेरीज, बँकेतली जमा आणि धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या हिशेबातली देणगी, या तिन्ही जुळल्या पाहिजेत. एक रुपयाचा फरक असेल तर तोही शोध. बँकेत असताना आमच्याकडे एक रुपयाच्या फरकामागे बऱ्याचदा दोन मोठ्या चुका लपलेल्या निघायच्या, एकीने दुसरीला झाकलेलं असायचं.

आता पाट्या. इथे रमायला हरकत नाही, कारण दात्याला वही कधी दिसत नाही, दिसते ती पाटी.

पाटीवरचा मजकूर दात्याच्या हाताने अर्जावर लिहून घे. फोनवर कधीच घेऊ नकोस. फोनवर ‘काळे’ आणि ‘काले’ सारखेच ऐकू येतात. अर्जावरून टाइप कर, छापलेला नमुना दात्याला दाखव आणि त्यावर सही घे, मग तो नमुना पाटीवाल्याकडे जातो. सही असलेला कागद फाईलला लाव. चूक निघाली तर कुणाच्या खर्चाने नवी पाटी करायची ते हा कागद ठरवतो आणि भांडण तिथेच संपतं. मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ दात्याने लिहिले तसेच ठेवायचे. आडनाव ज्याचं त्याचं असतं. ‘कुलकर्णी’ला दुसरी वेलांटी आणि ‘जोशी’ला पहिली असं कुणी लिहून दिलं, तर एकदा नम्रपणे विचार आणि तो म्हणेल तसं कर. शुद्धलेखनाचे नियम माणसांच्या नावांवर चालवायचे नसतात.

नावाच्या आधीची उपाधी वेगळ्या रकान्यात. कै., सौ., श्रीमती, डॉ., अ‍ॅड., ह.भ.प., काय असेल ते. ती नावाच्याच रकान्यात टाकलीस तर अकारविल्हे यादी काढताना निम्मी माणसं ‘क’मध्ये जाऊन बसतात. आणि ‘कै.’च्या शेजारी आणखी एक रकाना हवाच: हयात की स्मरणार्थ. वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त मुलीने खुर्ची दिली आणि आजूबाजूच्या दहा पाट्यांत कै. आहे म्हणून पाटीवाल्याने हिच्यातही घातलं, असं कुठल्याही नाट्यगृहात होऊ शकतं. ते गृहस्थ शनिवारी स्वतःची खुर्ची बघायला सहकुटुंब येणार असतात. पुढे कधी ते खरोखर गेले आणि घरच्यांनी कै. घालून मागितलं, तर नवी पाटी द्यायची, खर्च त्यांचा. हा नियम अर्जावर आधीच छापलेला असावा. अशा वेळी पैशाचं बोलायला तुलाही जड जाईल आणि त्यांनाही.

मधल्या नावाचं विचारल्याशिवाय गृहीत धरू नकोस. बाईंच्या नावात मधे वडील की नवरा, आडनाव माहेरचं, सासरचं की दोन्ही, हे त्या ठरवतात. पॅनवर एक असेल आणि पाटीवर दुसरं हवं असेल, तर दोन्ही लिही: दात्याच्या तक्त्यात पॅनवरचं नाव जसंच्या तसं इंग्रजी लिपीत, पाटीच्या तक्त्यात त्यांना हवं तसं मराठीत. एकाचं दुसऱ्यात रूपांतर कॉम्प्युटरला करायला लावू नकोस. तो ‘साठे’चं ‘साथे’ करतो.

कॉम्प्युटरचं निघालंच आहे तर हेही ऐक. मराठी नोंद युनिकोडमध्येच ठेव. पाटी कोरणारे अजून जुन्या फॉन्टवर काम करतात, तुझी फाईल त्यांच्या फॉन्टमध्ये उघडली की रफार पळतो, ऱ्या तुटतो, ‘श्रे’चं भलतंच होतं. त्यामुळे मजकूर फाईलबरोबर छापील कागदावरही द्यायचा आणि कोरण्याआधी त्यांच्या पडद्यावरचा फोटो मागवायचा. पाटीवर किती अक्षरं मावतात ही मर्यादा अर्जावर घालशील तेव्हा अक्षरं डोळ्यांनी मोज. ‘ज्योत्स्ना’ आपल्याला दोन अक्षरी, पण कॉम्प्युटरच्या मोजणीत दहा. ऑनलाइन अर्जाला वीस अक्षरांची मर्यादा घातली तर ज्योत्स्नाबाईंचं आडनाव मावणार नाही, आणि त्या बिचाऱ्या आपलंच काहीतरी चुकतंय समजून अर्ज सोडून देतील.

पाटी खुर्चीच्या हातावर लावू नका. दोन खुर्च्यांना मिळून एक हात असतो, नाव डावीकडच्या खुर्चीचं की उजवीकडच्या, यावर मध्यंतरात चर्चा सुरू होते. पाठीच्या मागच्या बाजूला लावली तर मागच्या रांगेतला वाचतो आणि ज्याची खुर्ची आहे त्याला दिसत नाही. मला स्वतःला पाठीच्या वरच्या कडेची पुढची बाजू पसंत आहे, पण तिथे पाटीचे कोपरे गोल हवेत, नाहीतर बायकांच्या केसांत आणि पदरात अडकते. नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका. पावसाळ्यात दमट हवेत पट्ट्या सुटतात आणि झाडूवाल्या मावशी त्या गोळा करून कार्यालयात आणून देतात. त्या वेळी कोणती पाटी कोणत्या खुर्चीची ते फक्त तुझी वही सांगणार. म्हणून पाटीच्या मागे वहीतला क्रमांक बारीक कोरून घ्यायला सांग, खर्च नगण्य असतो. लागलेल्या प्रत्येक पाटीचा फोटो काढ आणि त्याच दिवशी दात्याला पाठव. आभाराच्या पत्रापेक्षा त्या फोटोने लोक जास्त खूश होतात, विशेषतः जे लांब राहतात आणि कधी येणार नाहीत ते.

घरातली भांडणं वहीत येतात, त्याला इलाज नाही. एका मुलाने आई-वडिलांची नावं दिली, दुसरा येऊन म्हणतो, आमच्या आजीचं नाव का नाही? कधी पहिल्या लग्नाची मुलं असतात, कधी सून म्हणते की पैसे माझे, नाव माझ्या आईचं. तू कुणाची बाजू घेऊ नकोस आणि समजूतही घालत बसू नकोस. नियम एकच: अर्जावर ज्याची सही, त्याच्या लेखी सांगण्यावरूनच पाटी बदलते. अर्जात एक ओळ ठेव, ‘माझ्यानंतर या खुर्चीबाबत कोणाशी बोलावे’. खुर्ची वारसाहक्काने जात नाही, पण बोलायला कुणीतरी एक माणूस लागतो.

काही दाते हळूच सांगतात, “माझं नाव कुठे येऊ देऊ नका.” त्यांच्या पाटीवर ‘एक रसिक’ लिही. वहीत मात्र पूर्ण नाव-पत्ता हवाच. ज्या देणग्यांच्या दात्याची नाव-पत्त्यासह नोंद संस्थेकडे नाही त्या कायद्याने निनावी ठरतात, आणि अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतल्या मोठ्या रकमेच्या वर गेल्या तर वरच्या भागावर ३० टक्के कर बसतो. बाहेर नाव न सांगणं आणि वहीत नाव नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दात्याला शांतपणे समजावून सांगता आलं पाहिजे. दात्याच्या तक्त्यात ‘नाव जाहीर करू नये’ असा खुणेचा रकाना ठेव आणि स्मरणिकेची यादी काढताना आधी तो रकाना बघ.

“माझी खुर्ची म्हणजे मला तिकीट नको ना?” हा प्रश्न दर आठवड्याला येईल. उत्तर अर्जावर ठळक छापून टाक: नाव दिल्याने बसण्याचा, तिकिटाचा किंवा राखीव आसनाचा कोणताही हक्क मिळत नाही. यामागे नुसता कंजूषपणा नाही. देणगीच्या बदल्यात काही द्यायचं ठरलं की ती देणगी राहत नाही. जीएसटीचंही तसंच. ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे की धर्मादाय संस्थेने कृतज्ञता म्हणून दात्याच्या नावाची पाटी लावली, तिच्यातून दात्याच्या धंद्याची जाहिरात होत नसेल, तर जीएसटी नाही. म्हणून ‘अमक्यांच्या स्मरणार्थ’ चालेल. दुकानाचं नाव, बोधचिन्ह, ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे चालणार नाही. सराफांनी असा मजकूर दिला तर त्यांना स्मरणिकेतलं जाहिरातीचं पान सुचव आणि त्याचं बिल वेगळं कर.

परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत मन घट्ट ठेव. आपली मुलं न्यू जर्सीत आणि लंडनमध्ये आहेत आणि नाट्यगृहासाठी त्यांना मनापासून द्यायचं असतं. पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली त्यांची देणगी परकीय ठरत नाही, पासपोर्टची प्रत घे आणि फाईलला लाव. नागरिकत्व तिकडचं घेतलं असेल तर ती परकीय देणगी, हातात ओसीआय कार्ड असलं तरी, आणि रुपयांत इथल्याच खात्यातून दिली तरी. तिकडच्या मराठी मंडळाने संस्था म्हणून पाठवले तरी तसंच. असे पैसे घ्यायला एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ते स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसेल तर घ्यायचेच नाहीत. क्यूआर कोड परदेशातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकू नका असं सगळ्यांना सांगून ठेव. “मी इथल्या भावाच्या खात्यात टाकतो, तो देईल” ही युक्तीही कुणी सुचवेल. ऐकून न ऐकल्यासारखं करू नकोस, सरळ नाही म्हण.

नाव किती वर्षं राहणार, हे अर्जावर नसेल तर आजच घाल. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द पत्रकात फार छान वाटतो. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलने बांधकामासाठी पैसे उभे करताना १०० पौंडांना एकेक आसन ९९९ वर्षांच्या कराराने दिलं. हॉल १८७१ मध्ये उघडला आणि आजही तिथली बाराशेहून अधिक आसनं खासगी मालकीची आहेत. त्यांची तिकिटं मालक चढ्या भावाने विकतात म्हणून वाद होतात. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या सभागृहाला १९७३ मध्ये एव्हरी फिशर यांनी १ कोटी ५ लाख डॉलर दिले आणि त्यांचं नाव लागलं. नूतनीकरणासाठी नवा दाता हवा झाला तेव्हा ते नाव उतरवायला केंद्राला फिशर कुटुंबाला दीड कोटी डॉलर मोजावे लागले, म्हणजे मुळात मिळाले त्याहून जास्त. मग डेव्हिड गेफन यांच्या १० कोटी डॉलरच्या देणगीनंतर २०१५ मध्ये नाव बदललं. आपलं काम हजारांतलं आहे, पण गोष्ट तीच. ‘खुर्ची वापरात असेपर्यंत किंवा पंधरा वर्षं, यांत जे आधी संपेल तोपर्यंत’, असं लिही. पुढे खुर्च्या बदलल्या की नाव प्रवेशदालनातल्या फलकावर जाईल, हेही त्यातच लिही. संपायची तारीख खुर्चीच्या तक्त्यात घाल. तू तोपर्यंत इथे नसशील, दुसरं कुणीतरी असेल, आणि त्याला शोधत बसायला लागू नये.

शेऱ्याच्या रकान्यात दात्यासमोर मोठ्याने वाचता येणार नाही असं काही लिहू नकोस. ‘चिकट’, ‘नवऱ्याला न सांगता देतात’, असलं मी जुन्या वह्यांत वाचलेलं आहे. ‘दुपारी चारनंतर फोन करावा’, ‘पत्र मराठीतच पाठवावे’, ‘१२ जानेवारीला वडिलांची पुण्यतिथी’ हे शेरे उपयोगाचे. पॅन आणि फोन असलेला तक्ता स्वयंसेवकांच्या गटावर फिरता कामा नये. त्यांना नाव, खुर्ची आणि पाटीची स्थिती एवढंच दिसलं पाहिजे. आधारची झेरॉक्स मागूच नकोस, पॅनने काम भागतं. लोक उत्साहाने देतात आणि मग त्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर कुणीतरी नेपथ्याचा हिशेब मांडतं. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला आहे. तो नसता तरी हे चुकीचंच होतं.

वहीची प्रत नाट्यगृहात ठेवू नकोस. म्हणजे एक ठेव, पण दुसरी दुसऱ्या इमारतीत असायला हवी. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी उभारलेली, १९१५ पासूनची वास्तू एका रात्रीत काळवंडली. नाट्यगृहात लाकूड असतं, पडदे असतात, फोम असतो, जुनी वायरिंग असते. कागदपत्रांचं कपाट बहुधा रंगमंचाच्या मागे, सगळ्यात वाईट जागी असतं. सही केलेले अर्ज स्कॅन करून दर महिन्याला एक पेन ड्राइव्ह ऑडिटरच्या कार्यालयात पोचवायचा, आणि तीन महिन्यांतून एकदा त्यातली एखादी फाईल उघडून बघायची. न उघडणारा बॅकअप बऱ्याच संस्थांकडे असतो.

बाकी तुझं तुला सुचेल. कपाटाच्या दोन किल्ल्या आहेत, एक तुझ्याकडे आणि एक कार्यवाहांकडे, तिसरी करू नका. बाल्कनीच्या तीन रांगांच्या कबुल्यांची मुदत या महिन्याअखेर संपते, त्यांची यादी वरच्याच फाईलमध्ये आहे आणि फोन अजून झालेले नाहीत. सुरुवात हप्तेवाल्यांपासून कर, सकाळी अकरानंतर. डॉक्टरांच्या सहाव्या खुर्चीचं नाव अजून आलेलं नाही, त्यांना फोन नको, पत्र पाठव.